बेळगावहून परदेशी इंग्रजी शिकवायला निघताना: आधी काय शिकायचं

माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या मुलामुलींचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, एजंट कोण चांगला, व्हिसा कधी मिळेल? चाळीस अनोळखी चेहऱ्यांसमोर उभं राहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे क्वचितच कोणी विचारतं. व्हिसाची माहिती पुढे दिली आहे. पण घाई असेल त्यांनीही वर्गाविषयीचा भाग गाळू नये, कारण परदेशातून तीन महिन्यांत परत येणारे बहुतेक जण व्हिसामुळे परत येत नाहीत. वर्ग हाताबाहेर गेल्यामुळे येतात.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी पदवीधरांसाठी आहे. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेल्यांनी तर वाचावाच. इंग्रजी फाडफाड बोलता येणं आणि इंग्रजी शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी लागणारी एक गोष्ट सीमाभागातल्या माणसाकडे जन्मापासून असते, फक्त ती आपण कधी जमेला धरत नाही.

पायरी पहिली: इथेच शिकवून बघा, पण मराठी न वापरता

आपल्या शाळांत इंग्रजी कसं शिकवलं गेलं ते आठवा. सर धडा वाचणार, प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ सांगणार, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देणार आणि आपण ती वहीत उतरवणार. त्या पद्धतीला मी नावं ठेवत नाही, तिने अनेकांना पदवीपर्यंत नेलं. पण हनोईत किंवा मस्कतमध्ये ती पहिल्याच तासाला कोसळते. तुम्हाला त्यांची भाषा येत नाही आणि त्यांना तुमची. अर्थ सांगणार कुठल्या भाषेत?

त्याची तालीम करायला आपल्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. खानापूर किंवा निपाणीकडचे असाल आणि कन्नड मोडकंतोडकंच येत असेल तर उत्तम. बैलहोंगल, गोकाककडच्या कन्नड माध्यमाच्या दहाबारा मुलांना महिना दोन महिने फुकट शिकवा. नियम एकच: मराठी नाही, हिंदी नाही, कन्नडही नाही. फक्त इंग्रजी, हात, चेहरा, फळा आणि पिशवीतून नेलेल्या वस्तू. विषय साधा घ्या, दुकानात भाव विचारणे. तास सुरू होताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि घरी येऊन ऐका. तीस मिनिटांतली वीस मिनिटं तुमचाच आवाज ऐकू आला, तर ते भाषण झालं.

रेकॉर्डिंग ऐकताना बहुतेकांना धक्का बसतो. आपण प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदही न थांबता स्वतःच उत्तर देतो. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. वर्गात शांतता पसरली की नव्या शिक्षकाचा जीव वरखाली होतो, पण त्या शांततेत मूल वाक्य जुळवत असतं.

आता आपल्याकडच्या त्या गोष्टीविषयी. तुम्ही कन्नड कशी शिकलात? शाळेतल्या पुस्तकाने थोडीफार, खरी शिकलात बसमध्ये आणि बाजारात. कंडक्टरचं ‘चिल्लर कोड्री’ आणि भाजीवालीला आपण विचारलेलं ‘एष्ट्री?’ आधी तोंडात बसलं. क्रियापदाला री का लागतो, हे कळायला वर्षं गेली, काहींना अजून कळलेलं नाही. अख्खं वाक्य आधी, नियम मागाहून, हा क्रम पुण्यामुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला पुस्तकात वाचावा लागतो. तुम्ही तो जगला आहात. चुकीचं कन्नड बोलल्यावर तहसील कचेरीत कोण हसलं आणि कोणी सांभाळून घेतलं, हेही तुम्हाला आठवत असेल. परक्या भाषेत तोंड उघडताना माणसाचं काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला शिकवण्याचा निम्मा अभ्यास झालेला आहे.

पायरी दुसरी: स्वतःचं तोंड तपासा

आपलं इंग्रजी मराठी वळणाचं असणं हा गुन्हा नाही. जगात इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी बहुसंख्यांची ती मातृभाषा नाही. अमेरिकन ढंगाची नक्कल करू नका, ती अर्ध्या तासात गळून पडते आणि मुलांना हसायला विषय मिळतो. पण ज्या चुकांनी अर्थ बदलतो, त्या घासून काढाव्याच लागतात.

पहिली चूक ‘प’ची. आपला प ओठ हलकेच उघडून येतो, हवेचा झोत नसतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प जोरात हवा सोडतो. म्हणून आपलं ‘पार्क’ इंग्रजाच्या कानाला कधीकधी ‘बार्क’सारखं लागतं. अरबी भाषेत प हा ध्वनीच नाही, तिथले विद्यार्थी प आणि ब यांत आधीच गोंधळतात. ओमानमधल्या वर्गात आपण आपला देशी प घेऊन उभे राहिलो तर आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यासारखं होतं. उपाय कागदाच्या चिठोऱ्याचा. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, ओठांसमोर लटकती धरा आणि ‘पार्क’ म्हणा. पट्टी हलली पाहिजे. ‘बार्क’ म्हणताना हलता कामा नये. आधी घरी आरशासमोर पट्टी हलवून दाखवा, मग हाच खेळ वर्गात न्या. मोठी माणसंसुद्धा त्यात रमतात.

दुसरी ‘व’ची. बनियनला म्हणतात ती ‘वेस्ट’ आणि पश्चिम दिशा ‘वेस्ट’, मराठी तोंडात दोन्ही सारखीच. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ शिटी मारल्यासारखे गोल होतात.

तिसरी ए आणि ओ यांची, आणि इथे कन्नड मदतीला येते. लिहायचं पेन आणि दुखण्यातलं पेन मराठीत एकाच मात्रेने लिहितो आणि एकसारखंच बोलतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगवेगळी अक्षरं आहेत, ओ चंही तसंच. ज्याने कन्नड अक्षरं गिरवली आहेत, त्याच्या कानाला हा फरक आधीच माहीत आहे. तो इंग्रजीत वापरायचा.

व्याकरणाचं म्हणाल तर ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं, हे मराठीत नाही. कोरियन, जपानी, थाई, व्हिएतनामी भाषांतही इंग्रजीसारखं ‘अ’ आणि ‘द’ नाही. तुम्ही ते कष्टाने शिकलात, म्हणून समोरचा कुठे अडतो ते तुम्हाला दिसतं. जन्मापासून इंग्रजी बोलणारा बऱ्याचदा एवढंच सांगतो, ‘असं बरोबर वाटतं’.

पायरी तिसरी: प्रमाणपत्र

इंटरनेटवर इंग्रजी शिकवण्याचा ‘120 तासांचा कोर्स’ आठवड्यात संपवून मिळतो. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवणं बहुधा नसतंच. काही देशांत व्हिसाच्या कागदापुरता तो चालतो, वर्गात उपयोग जवळजवळ शून्य. केंब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटीचा सर्ट टेसॉल हे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचे कोर्स महाग आहेत, पण त्यात 6 तास खऱ्या वर्गाला शिकवावं लागतं आणि प्रत्येक तास कोणीतरी मागे बसून तपासतो. सेल्टा किमान 120 तासांचा, सर्ट टेसॉल 130 तासांचा. सेल्टा आता ऑनलाइनही करता येतो, आणि शिकवायचं असतं ते पडद्यावरच्या खऱ्या विद्यार्थ्यांनाच. पैसे जमेपर्यंत थांबावं लागलं तरी हाच करा असं माझं मत आहे. बी.एड. झालं असेल तर ते वाया जात नाही. आखाती देशांतल्या भारतीय शाळांत आधी बी.एड.च विचारतात.

पायरी चौथी: कुठला देश तुम्हाला दार उघडतो

इथे स्पष्ट बोललेलं बरं. अनेक देशांत तुमच्या इंग्रजीआधी तुमचा पासपोर्ट बघतात.

दक्षिण कोरियाचा ई-टू, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांचा, व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या 7 देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी झालेल्या आर्थिक करारामुळे 2010 पासून भारतीयांना शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून वाट मोकळी झाली, पण शिक्षकाची पात्रता दाखवावी लागते. जपानमध्ये शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी इंग्रजी माध्यमातून 12 वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. मराठी शाळेत शिकलेल्यांनी त्या वाटेवर पैसे घालण्याआधी दहादा विचार करावा. थायलंडमध्ये आपल्यासारख्यांना इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात आणि शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. व्हिएतनामला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखला. नियम बदलत राहतात, म्हणून त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः बघा. गावातल्या कुणाच्या मेहुण्याने काय सांगितलं, त्यावर जाऊ नका.

आखातात आपली माणसं ढिगाने आहेत, राहायला आधार मिळतो. मात्र भारतीय शाळेत नोकरी म्हणजे पुन्हा भारतीयच मुलं, सीबीएसईचाच अभ्यासक्रम. ते वाईट नाही, फक्त परभाषकांना शिकवण्याचा अनुभव तिथे मिळणार नाही.

पायरी पाचवी: कागदपत्रं, आपल्या भागाची खास डोकेदुखी

बाकी कुठल्याही जिल्ह्यापेक्षा इथल्या फायली जास्त अडतात. तीन कारणं.

पहिलं नाव. कर्नाटकच्या मार्क्सकार्डावर ‘संजय एम. पाटील’ असतं, नाहीतर नुसतं ‘संजय एम.’. पासपोर्टवर ‘संजय मारुती पाटील’. आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं तिसरंच स्पेलिंग. आपल्याला तिन्ही एकच माणूस दिसतात, परदेशातल्या कारकुनाला तीन. शक्यतो पासपोर्ट काढतानाच, किंवा नव्याने करून घेताना, पदवीच्या कागदाशी नाव जुळवा. नाही जुळलं तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा आणि ते मान्य होईल का, हे संबंधित संस्थेला आधीच लेखी विचारा.

दुसरं गाव. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालं. जन्मदाखल्यावर बेळगाव, पदवीवर बेळगावी. इथे पाटीच्या नावावरून आयुष्यभर भांडणं पाहिलेल्या माणसाला परदेशी खिडकीवरही तोच विषय निघाल्यावर हसावं की रडावं कळत नाही. तिथे वाद घालू नका, अर्जात जन्मस्थान पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा.

तिसरं विद्यापीठ. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये झालं. त्याआधी बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणून एकाच कॉलेजातल्या ताईच्या आणि धाकट्या भावाच्या पदव्या दोन विद्यापीठांच्या. त्यात निपाणी, चिकोडीकडची बरीच मुलं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकतात. कागदाचं राज्यपातळीवरचं साक्षांकन ज्या राज्यात तो कागद निघाला त्याच राज्याकडून होतं. एसएसएलसीचं मार्क्सकार्ड कर्नाटकाकडे, कोल्हापूरची पदवी महाराष्ट्राकडे, असा दोन्ही राज्यांत हेलपाटा पडतो. त्याचे दिवस आधीच धरून चला.

राज्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. भारत 2005 मध्ये हेग करारात (एकमेकांचे सरकारी कागद मान्य करण्याच्या देशादेशांतल्या करारात) आला, त्यामुळे करारातल्या देशांसाठी मंत्रालयाचा एक अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा, शिक्का पुरतो. अमिरातीसारख्या कराराबाहेरच्या देशासाठी वकिलातीचाही शिक्का लागतो. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदाला 50 रुपये आहे, वर मंत्रालयाने नेमलेल्या सेवा कंपनीचा आकार. कोणी पाच आकडी रक्कम सांगितली तर कशाकशाचे किती, ते लिहून मागा. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो.

एजंटाबद्दल थोडक्यात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक शोधा. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग तिथे बदलून देतो’ असं म्हणणाऱ्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

पायरी सहावी: वर्ग

समजा व्हिएतनाममधल्या मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग आहे आणि ‘यूज्ड टू’ शिकवायचं आहे. मराठीत सोपं होतं, ‘करायचे’ म्हटलं की झालं. इथे ती सोय नाही.

फळ्यावर वडिलांचा जुना फोटो लावा. एक आडवी रेघ ओढा, मध्ये उभी खूण करून ‘आत्ता’ लिहा. डाव्या बाजूला फुल्यांची रांग मारा आणि इंग्रजीत वाक्य म्हणा: माझे वडील पूर्वी निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करायचे. लिहू नका, फक्त म्हणा, दोन वेळा. आता ‘समजलं का?’ असं विचारायचा मोह होईल. विचारू नका. जगातला प्रत्येक वर्ग त्यावर मान डोलावतो. त्याऐवजी विचारा, ते आज तिथे काम करतात? नाही. एकदाच काम केलं की पुष्कळ दिवस? पुष्कळ दिवस. रेघेवर कुठे? एखाद्याला खडू द्या. त्याने ‘आत्ता’च्या उजवीकडे फुली मारली तर तुम्हाला नेमकं कळलं की काय पोचलं नाही.

मग सगळ्यांकडून म्हणवून घ्या, नंतर रांगेने, नंतर एकेकाकडून. व्हिएतनामी बोलणाऱ्यांची शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळतात. ‘यूस्टू’ हे एका दमात जोडून म्हणायला शिकवलं तर मधला स टिकतो. यानंतरच फळ्यावर लिहा. मग जोड्या करा आणि लहानपणी काय करायचात ते एकमेकांना सांगायला लावा. तुम्ही बाकांमधून हिंडा, ऐका आणि कोणालाही मध्येच अडवू नका. चुका चिठ्ठीवर टिपा. शेवटची पाच मिनिटं नावं न घेता त्यातली तीनचार वाक्यं फळ्यावर लिहा आणि दुरुस्त करायला वर्गालाच सांगा.

या सगळ्यात तुम्ही किती कमी बोललात ते बघा. नवशिक्याला वाटतं, आपण बोललो नाही तर पगार कशाचा?

लहान मुलांच्या वर्गात वेगळंच संकट असतं. काही संस्थांना परदेशी चेहरा फक्त गाणी आणि टाळ्या यांसाठी हवा असतो, पालक काचेतून बघत असतात. खेळ घ्या, पण प्रत्येक खेळातून एक वाक्य मुलाच्या तोंडात बसलं पाहिजे. रंगीत चेंडू फेकून नुसती आरडाओरड झाली तर तो तास मुलांना सांभाळण्याचा झाला. याबाबत मी जरा कडवट आहे, कारण तिथे चांगले शिक्षकही वर्षभरात आळशी होताना पाहिले आहेत.

सूचना देताना मोडकं इंग्रजी बोलू नका. ‘यू गो, बुक ओपन’ असं बोलणारा शिक्षक मुलांना तेच शिकवतो. वाक्य लहान पण बरोबर ठेवा आणि पुस्तक उघडून दाखवा. विद्यार्थ्यांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ करा, उच्चार त्यांच्याकडूनच शिका. एखाद्या व्हिएतनामी नावाचा सूर चुकला की अख्खा वर्ग शिक्षकाला शिकवायला लागतो, आणि तो तास सगळ्यात छान जातो. तिथली भाषाही शिकायला लागा, बाजारापुरती का होईना. चालीरीतींचं तेच: थायलंडमध्ये कौतुकाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवू नये. व्हिएतनाममध्ये 20 नोव्हेंबरला शिक्षक दिन असतो, तेव्हा फुलं आली तर संकोच न करता घ्यावीत. आखातात रमजानमध्ये शाळेच्या वेळा आखडतात, त्या महिन्याचे पाठ आधीच आटोपशीर करा.

पायरी सातवी: ‘नेटिव्ह स्पीकर पाहिजे’ अशा जाहिराती

त्या दिसणारच. काही ठिकाणी तो सरकारी नियम असतो, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. बऱ्याच ठिकाणी ती फक्त मालकाची समजूत असते. तिथे लांबलचक अर्ज न लिहिता एकच वाक्य घाला: वीस मिनिटांचा नमुना पाठ द्यायला तयार आहे, विद्यार्थी तुम्ही निवडा. सोबत इथल्या वर्गाचा, पालकांची परवानगी घेऊन केलेला, पाचेक मिनिटांचा व्हिडिओ जोडा. त्यात तुमच्यापेक्षा मुलं जास्त बोलताना दिसली पाहिजेत. पहिल्या पायरीतला फुकटचा वर्ग इथे वसूल होतो.

मुलाखत पार पडली की तुम्हीही विचारा. वर्गात किती विद्यार्थी असतात? वयं काय, पातळी कशी ठरवता? पुस्तक कोणतं? आठवड्याचे तास म्हणजे फक्त शिकवण्याचे, की तयारीचेही धरले आहेत? परवान्याचा खर्च कोण करणार, आणि मधेच सोडलं तर तो पगारातून कापणार का? पासपोर्ट कोणाकडे राहणार? शेवटच्या प्रश्नाला ‘तुमच्याकडेच’ याशिवाय दुसरं काही उत्तर आलं, तर ती नोकरी सोडून द्या आणि पुढची जाहिरात बघा.